उचलून नेऊ की

शमीम, अशी जवळ ये बघू. दारात नको थांबू, आत ये, माझ्या पलंगाशेजारी. मला ओरडून बोलायचं नाही, शेजारच्यांना वाटतं म्हातारी एकटीच बडबडते. बोलायचं आहे ते रागाचंच आहे. पण हळू बोलते, म्हणजे तुला ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही.

पाठीला जखम झाली होती, हे मला कामून सांगितलं नाहीस? दर जुम्याला तुझा फोन यायचा. मी विचारायची, तब्येत कशी आहे गं. तू म्हणायचीस, "एकदम मस्त मौसी, तुमचे गुडघे काय म्हणतेत ते सांगा." आणि मी येडी, गुडघ्याचं पुराण लावायची. तिकडं तुझ्या बुडाशी खड्डा पडत होता. ज्याला कमरेखालचं काही कळत नाही त्याला जखम दुखत नाही, ती गुपचूप हाडापर्यंत जाते, हे मला कुणी शिकवलं? तूच. भूकंपात पाठ मोडलेली तुझ्यासारखी माणसं, ढिगाऱ्यातून वाचली आणि मग अशाच जखमांनी गेली, त्यांची नावं तू मला सांगायचीस. निलंग्याकडच्या गावागावांत जाऊन तू बायकांना सांगितलंस, खुर्चीत बसल्या बसल्या हातावर जोर देऊन बूड उचलत जा, रोज आरसा धरून पाठ बघत जा. आणि तूच गेल्या साली कचेरीसमोर धरण्याच्या मांडवात, फाटक्या गादीच्या खुर्चीवर, ऐन उन्हाळ्यात दिवसचे दिवस बसून राहिलीस. आरसा कुठं गेला होता गं तुझा?

विसरली नसशील तू. ते मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

तुला जाऊन अजून पुरता आठवडा झाला नाही. पेपरात तुझा फोटो आला होता, खाली लिहिलं होतं, दिव्यांगांच्या हक्कासाठी लढणाऱ्या. फोटो जुना आहे, त्यात तू हसतेस. माझ्या पोरानं पेपर वाचून दाखवला, मी म्हणलं ठेव तिकडं. मला तुझ्यावर लेख नाही लिहायचा, तुझ्याशी बोलायचं आहे. लिहून अशासाठी, की तोंडानं बोलायला लागलं की सूनबाई येऊन डोक्यावर हात ठेवते.

तुझी माझी भेट दवाखान्यात झाली. भूकंप झाला तेव्हा लातुरात घराघरातून दवाखान्याला भाकरी जात होती, मी पण टोपलं घेऊन गेले होते. वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. तू कोपऱ्यातल्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. दहा-अकरा वर्षांची असशील. अम्मी गेलेली, अब्बा दुसऱ्या वॉर्डात.

"कामून गं, तिकडं तोंड करून पडलीस?"

तू वळली नाहीस. भिंतीलाच सांगितलंस, "सकाळपासून सगळे मला उचलून राहिलेत. हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. एक मोठा माणूस आला, त्याच्या फोटोसाठी पण उचललं. नाव एकानं पण नाही विचारलं."

"मी विचारते. काय नाव?"

"शमीम."

"भाकरी खाती का शमीम?"

"बरोबर काय हाय?"

कंबर मोडलेली, आई मातीखाली गेलेली, आणि पोरगी विचारते बरोबर काय हाय. मी हसले आणि मग तिथंच रडले पण. पिठलं होतं. तू म्हणालीस, मिरची कमी पडली.

नंतर नवं गाव वसलं, तुझ्या अब्बाला सिमेंटचं घर मिळालं. ते घर मी कधी पाहिलं नाही, पण त्याचं जोतं मला तोंडपाठ आहे, इतक्यांदा तू सांगितलंस. उंच जोतं आणि पायऱ्या. भूकंपानं पडणार नाही असं घर बांधलं, पण ज्यांना भूकंपानं पाडलं ते आत कसं जातील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या दिवशी अब्बानं तुला कडेवर घेतलं आणि आत नेलं. शेजारपाजारचे टाळ्या वाजवत होते. तू म्हणायचीस, "मौसी, अब्बा रोज कपडे शिवून थकून यायचे, आणि मला बाहेर बसायचं असलं तरी त्यांना हाक. आत जायचं असलं तरी हाक. मी हाक मारायचीच सोडली." म्हणून तू लातूरला मामूकडं आलीस. मामूचं घर जुनं, पण जमिनीला टेकलेलं. तेवढ्यासाठी अब्बाला सोडून आलीस.

मग तुझा बूथ. तेव्हा सरकार अपंगांना टेलिफोनचा बूथ देत होतं, तुला माझ्या मेसच्या बाजूला मिळाला. आजूबाजूला क्लास उगवायला लागले होते. आज एका गल्लीत एक, उद्या तीन. पोरं कुठून कुठून यायची, उदगीर, देगलूर, पार माहूरकडून. माझ्याकडं जेवायची आणि तुझ्याकडं रडायची. काचेच्या खोक्यात उभं राहून आईला फोन लावायची, "हो, जेवले, हो, अभ्यास चालू आहे," आणि फोन ठेवला की तुझ्या खुर्चीशी बसून मुसमुसायची. तू त्यांना लेमनची गोळी द्यायचीस. तुझी गिऱ्हाईकं रडकी आणि माझी गिऱ्हाईकं भुकी, असं तू म्हणायचीस. मी म्हणायची, एकच आहेत गं ती.

त्या बूथवरूनच तुझं ते सगळं सुरू झालं. कुणाला एसटीचा पास नाही, कुणाला दाखल्यासाठी हेलपाटे, कुणाला शाळेनं परत पाठवलेलं. आधी लोक फोन करायला यायचे, मग तुला सांगायला यायला लागले. मोबाईल आले, फोन बंद पडला, तू झेरॉक्सचं मशीन ठेवलंस, लोक यायचे थांबले नाहीत. पण या सगळ्यात तुझं खरं भांडण एकाच गोष्टीशी होतं. ती गोष्ट माणसं आपण होऊन, मायेनं म्हणायची. कुठंही पायऱ्या लागल्या की चार जण पुढं यायचे, बाह्या सावरायचे. "ताई, त्यात काय, उचलून नेऊ की."

 तू शांतपणे म्हणायचीस, "नको दादा. मला उचलू नका."

बँकेचं आठवतं का? खातं काढायला गेलीस, समोर पायऱ्या. तो मिशीवाला गार्ड आला पुढं. तू म्हणालीस, "मला नका उचलू, साहेबाला उचलून खाली आणा." लोक हसले. पण तू तिथनं हललीच नाहीस, आणि खरंच साहेब कागद घेऊन खाली आला, उन्हात उभा राहून तुझ्या सह्या घेतल्या. पुढच्या खेपेला परत तेच. मग बिचाऱ्यानं वर कुणाला सांगितलं, कुणाला नाही, रॅम्प मंजूर झाला. बालाजी मिस्त्रीनं बांधला. असा बांधला, की सरळ आभाळात जावा.

"मिस्त्री, हे काय हो?"

"रॅम्प हाय की ताई. मोटरसायकल एका दमात चढती, आत्ताच बघितली चढवून."

"मी मोटरसायकल हाय का?"

आणि तू त्याला तुझ्या खुर्चीत बसवलंस. मला आठवलं की अजून पोट दुखतं. तू रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलेली, बालाजी मिस्त्री खुर्चीत, चाकं मारतोय, निम्म्यावर गेला आणि मागं सुटला तो थेट रसवंतीच्या बाकड्यावर. उठला, धूळ झटकली, आणि म्हणाला, "लांब करावं लागतंय. ताई, मला हे आधी कुणी सांगितलं न्हाई." पुढं सगळ्या लातुरात तो एकटाच गवंडी होता ज्याला उतार म्हणजे काय ते कळत होतं. तू म्हणायचीस, "एक मिस्त्री तरी तयार झाला, मौसी."

एकच झाला गं. आता तर तोही नाही.

मला सांगायचं होतं ते वैष्णवीचं. तुझ्या-माझ्यात ती अर्धी राहिलेली गोष्ट.

चाकूरची पोरगी, जन्मापासून पायात ताकद नाही, डोकं असं की बाकीच्या पोरांनी तिच्या वह्या मागाव्यात. डॉक्टर व्हायचं. वडील सकाळी बसनं घेऊन आले, मोठ्या क्लासमध्ये नाव घातलं. तास वरच्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा सोडलेली होती, पण लिफ्ट नव्हती, त्या खड्ड्यावर फळ्या टाकून पोरांच्या चपला ठेवायचे. वडील तुझ्याकडं आले. तू क्लासच्या सरांना भेटलीस, की लिफ्ट बसवा, नाहीतर तिचा तास खाली घ्या. सर माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाला, करतो. आणि केलं काय, तर निळ्या शर्टाची दोन दांडगी माणसं पगारावर ठेवली आणि दारात बोर्ड लावला, दिव्यांग विद्यार्थ्यांना उचलून नेण्याची मोफत सोय. तू इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत होतीस त्याचाच बोर्ड झाला. आणि त्या माणसाला खरंच वाटत होतं, आपण लई पुण्याचं काम केलं. त्यानं तुला फोन करून बोलावलं, ताई, बघायला या.

तू बघून आलीस. मग अर्ज, मग मांडव, मग ते उन्हातलं बसणं. मी दुपारी डबा घेऊन यायची, म्हणायची, चल घरी, उद्या ये. तू म्हणायचीस, "मी उठले की ते म्हणतील प्रकरण मिटलं." शेवटी सुनावणी लागली. मी पण आले होते, मागं बसले होते. कचेरीतल्या साहेबानं सरांना विचारलं, सरांनी सांगितलं, उचलायची सोय आहे. साहेबानं वैष्णवीला विचारलं, बाळ, तुझं काय म्हणणं आहे?

पोरीनं तुझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "माझी काही तक्रार न्हाई सर. दादा लोक चांगले हायत, नीट उचलतात. मला फक्त तास बुडवायचा न्हाई."

वडील बाहेर येऊन तुझ्या खुर्चीपाशी वाकले. "ताई, राग मानू नका. परीक्षेपर्यंतचा प्रश्न हाय. तिचं नाव सगळीकडं झालं, पोरं बघून राहिलीत, ती लाजली. एकदा डॉक्टर झाली की बसंल की लिफ्टच्या दवाखान्यात."

तू म्हणालीस, "राग नाही भाऊ. जा, बस चुकेल."

संध्याकाळी मेसवर आलीस. मी तांदूळ निवडत होते. तू पण परातीत हात घातलास, आणि किती तरी वेळ आपण दोघी खडेच बघत होतो. मग मीच बोलले. "शमीम, एक सांगू का? पोरगी खरं बोलली. तिला डॉक्टर व्हायचं हाय, तिला तुझ्यासारखं भांडायचं न्हाई. उचललं तर काय झालं? माणसंच हायत, राक्षस थोडीच."

"मौसी, ती दिवसभर पाणी पीत नाही. ठाऊक हाय तुम्हाला?"

ठाऊक होतं. डबा माझ्याच मेसचा जायचा. भाकरी-भाजी संपायची आणि ताक जसंच्या तसं परत. पाणी प्यालं की बाथरूम, बाथरूम खाली, आणि खाली म्हणजे ती निळ्या शर्टाची दोन माणसं. कोवळी पोर, कितीदा सांगेल? मला ते कळत होतं. तरी म्हणाले, "थोडे दिवस गं. सगळ्यांनाच सोसावं लागतं."

तू परात सोडलीस. "तुम्हाला कुणी उचललंय का कधी?"

"लहानपणी बापानं उचललं असंल."

"तसं नाही. तुम्ही बोलताय, आणि तुमच्या डोक्यावरून दोन माणसं ठरवून राहिलीत, तुम्हाला कुठं धरायचं."

मी परत तांदळात बोटं घातली. तू म्हणालीस, "जाऊ द्या. चहा टाका." चहा प्यालीस आणि गेलीस. त्या बोलण्यावर आपण परत कधीच आलो नाही. त्याच पावसाळ्यात मी मोरीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, पोरानं मला नांदेडला आणलं. मेस बंद. पोराचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आल्या दिवसापासून मी हा पलंग, ही खिडकी आणि वॉकर धरून संडासापर्यंत. तुझे फोन यायचे, गुडघ्यांचं विचारायचीस, पण जिन्याचं कधी विचारलं नाहीस. तुला कळत होतं ना? मी पण तुझ्या पाठीचं विचारलं नाही. दोघी शहाण्या.

त्या दिवशी सकाळी तुझ्या मुमानीचा, मामूच्या बायकोचा, फोन आला. जखमेचं विष रक्तात गेलं, दोन दिवस शुद्ध नव्हती, पहाटे संपलं. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर नेणार, यायचं तर या. मी पोराला म्हणलं, गाडी कर.

गाडी लगेच आली. खाली उभी राहिली. प्रश्न माझा होता.

पोरगा एकटा उचलू शकेना, त्याची पाठ धरते. खालच्या मजल्यावरच्यांना विचारलं, ते कामावर गेलेले. समोरच्या क्लासमधली पोरं मधल्या सुट्टीत मोकळी होतील म्हणाले, म्हणून दुपारपर्यंत थांबलो. सुट्टी झाली, चार पोरं आली, एकजण प्लास्टिकची खुर्ची घेऊन. मी तोंड उघडलं, की बाबांनो, मला आधी सरळ बसू द्या. कुणी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं असं नाही, ते एकमेकांशी बोलत होते.

"तू पायाकडून घे."

"खुर्ची तिरकी कर, तिरकी."

"आजीत वजन हाय की राव."

"साडी सावर बे, अडकून राहिली पायऱ्यात."

माझ्या नातवाच्या वयाची पोरं. एकाचा हात माझ्या काखेत, एकाचा मांडीखाली. वळणावर एका बाईनं दार उघडलं, तिनं विचारलं, "काय झालं आजीला?" आणि माझ्या पोरानं सांगितलं, "काही न्हाई, बाहेर न्यायचंय." मी तिथंच होते, शमीम. तिच्या तोंडासमोर. तिनं मला विचारलं नाही. पोरं खाली ठेवून घामानं भिजली होती, एकजण माझ्या पाया पण पडला. चांगली पोरं. वैष्णवी म्हणाली तसंच, नीट उचलतात.

गाडीत बसले आणि मला तुझा प्रश्न ऐकू आला. लातूर येईपर्यंत ऐकू येत होता.

पोचले तर तुझ्या मामूच्या अंगणात सतरंज्या होत्या आणि नुसत्या बायका बसलेल्या. तुला नेलं होतं. मुमानी माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, "थांबवलं होतं हो बहन, लई थांबवलं. पण उन्हाळ्याचे दिवस." मी म्हणलं, बरोबर आहे. आणखी काय म्हणणार. कब्रस्तानात बायका जात नाहीत, आणि जात असत्या तरी मला कोण नेणार होतं. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. त्या गादीकडं मी बघितलं नाही.

परत आले तर वर चढवायला कुणी नव्हतं, ती पोरं रात्रीच्या तासाला गेलेली. सूनबाईनं खाली वॉचमनच्या खोलीत गादी टाकली, तिथं झोपले. सकाळी पुन्हा तीच पोरं, तसंच उचलून वर.

आणि ऐक. दोन दिवसांनी वैष्णवीचा फोन आला. तिचा नंबर लागला होता, डॉक्टरकीच्या कॉलेजात गेली ती, तुला सांगितलं होतं मी. म्हणाली, "आजी, शमीमताईचा फोन लागत न्हाई. इथं लॅब वर हाय, अन् इथं तर उचलणारे पण न्हाईत. दुसरा नंबर असंल तर द्या ना त्यांचा." तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच सांगितलं.  म्हणाली, "मग आता मी कुणाला विचारू?"

कुणाचं नाव सांगू, शमीम? खरंच कुणी नाही. त्या दिवशी गाडीतून दिसलं, तुझ्या बूथमध्ये मोबाईलची कव्हरं विकायला आधीच कुणी बसलं आहे. बँकेच्या रॅम्पवर जनरेटर ठेवलाय. तो बोर्ड अजून तसाच आहे, उलट शेजारच्या दोन क्लासनी तसाच लावला. तू इतकं जिवावर घेतलंस त्यातून उरलं काय हे मी शोधून राहिले, आणि माझ्या हाताला काही लागत नाही. तुझ्यासाठी मी खोटं बोलणार नाही. तुला ते आवडायचं नाही.

पण माझी गोष्ट वेगळी आहे. मला तू मिळाली होतीस. त्या वॉर्डात मी भाकरी वाटायला गेले होते आणि परत येताना मला कुणीतरी माझं मिळालं होतं, ज्यानं मिरची कमी आहे हे तोंडावर सांगावं. माझ्या पिठल्याला नावं ठेवणारं आता घरात कुणी नाही. सूनबाई सगळं छान म्हणते.

मी ती पोरगी चुकली असं अजूनही म्हणणार नाही. ती काय करणार होती? पण तू चुकली होतीस असंही आता माझ्या तोंडातून निघणार नाही. हे दोन्ही एकावेळी कसं धरायचं ते मला जमत नाही, आणि हे बोलायला दुसरं माणूस नाही.

डॉक्टरनं पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. पोरगा म्हणाला, त्या पोरांना सांगून ठेवतो. मी म्हणलं, नको. मला खाली जायचं नाही. तो रागावला. तर आता मी काही इथून हलत नाही, बाई. तुलाच यावं लागेल. दुपारी ये, सूनबाई शाळेत असते, आपल्याला निवांत बोलता येईल. दार लोटलेलंच असतं. चहा मला खुर्चीत बसून टाकता येतो. लवकर ये शमीम, फार दिवस लावू नको.